मत्स्यपेटीतील पाण्याचा जमाखर्च

वसंतातील या व्यासपीठावरून राज्यकारभार, अर्थकारण, साहित्य अशा भारदस्त विषयांचा ऊहापोह करण्याचा प्रघात आहे. त्या मानाने आजचा विषय अगदी घरगुती आहे. काचेची एक पेटी, तळाशी थोडी वाळू, दोन-चार पाणवनस्पती आणि त्यांतून फिरणारे रंगीत मासे, एवढाच त्याचा पसारा. अशी पेटी आज पुष्कळ घरांतून मोठ्या हौसेने येते आणि वर्ष-सहा महिन्यांत रिकामी होऊन माळ्यावर जाते. ‘आमच्याकडे मासे टिकत नाहीत’ असे मग घरची मंडळी सांगतात; जणू मासे न टिकणे हा त्या वास्तूचाच गुण आहे!

वस्तुतः मासे न टिकण्याची कारणे शोधू लागले, तर बहुतेक वेळा त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते, ती म्हणजे गर्दी. पेटीला झेपतील त्यापेक्षा अधिक मासे तिच्यात झालेले असतात. अशा वेळी पाण्यात नेमके काय घडते, आणि बिघडलेली पेटी मासे न गमावता पुन्हा मार्गावर कशी आणावी, याचा आज विचार करू. यात चूक झाली तर तिचे मोल मासे भरतात, आणि पुष्कळदा ती चूक दुष्टाव्याने नव्हे, तर मायेने आणि स्वच्छतेच्या अतिरेकाने झालेली असते, हे प्रारंभीच सांगून ठेवतो.

गर्दी नकळत कशी होते

गर्दी कोणी ठरवून करीत नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी पेटी आपल्याकडे सर्रास आढळते. हिशेबाने तिच्यात सुमारे ५७ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता ४५ लिटरच्या आसपास उरते. दुकानातून आणलेले बोटाच्या पेराएवढे दहा-बारा मासे या पेटीत अगदी विरळ दिसतात. मग कोणाच्या वाढदिवसाला आणखी दोन येतात, पाहुणे दोन आणतात. गप्पी माशांची तर गोष्टच वेगळी. डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत आणि टाक्यांत सोडतात म्हणून हा मासा आपल्या परिचयाचा आहे. त्याची मादी अंडी न घालता जिवंत पिले देते, ती साधारण महिन्याकाठी देते, आणि नराचा एकदा संयोग झाला की पुढे कित्येक महिने ती एकटी राहूनही पिले देऊ शकते. तेव्हा तेथे माणसाने काहीच केले नाही तरी गर्दी होते.

दुसरे असे की, मासे वाढतात. सोनमासा चांगला सांभाळला तर वीतभर होतो. ‘शार्क’ या नावाने दुकानांत मिळणारी चंदेरी पोरे वास्तविक पंगास जातीच्या मोठ्या नदीमाशाची असतात. तो मासा एक मीटरहूनही लांब वाढतो. शिवाय लांबी दुप्पट झाली म्हणजे माशाचे वजन दुप्पट होते असे नाही. ते सुमारे आठपट होते, कारण लांबीबरोबर रुंदी आणि जाडीही वाढते. एका इंचाचा मासा चार इंचांचा झाला की तो वजनाने साठाहून अधिक छोट्या माशांच्या बरोबरीचा होतो. पेटीतील माशांची संख्या तीच राहते, आणि पेटी मात्र भरून गेलेली असते.

बाप आणि लेक

पेटीतल्या पाण्याचा हिशेब माणसाला कसा उमगला, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या एका इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने लंडनमध्ये बारा गॅलन मावतील अशा काचपात्रात एक प्रयोग केला आणि १८५० साली तेथील केमिकल सोसायटीपुढे तो मांडला. त्याने पात्रात दोन लहान सोनमासे आणि वॅलिस्नेरिया नावाची, रिबिनीसारख्या लांब पानांची वनस्पती ठेवली. मासे सोडतात तो कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेते, आणि वनस्पती सोडते तो प्राणवायू मासे घेतात. पुढे वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढुळले, तेव्हा त्याने तळ्यातल्या काही गोगलगायी आणून सोडल्या; त्यांनी कुजके खाऊन टाकले आणि पाणी निवळले. ‘समतोल मत्स्यपेटी’ ही कल्पना येथून रूढ झाली.

बारा गॅलन म्हणजे सुमारे ५४ लिटर, अर्थात जवळजवळ आपल्या दोन फुटी पेटीएवढेच माप. तेवढ्या पात्रात वॉरिंग्टनने किती मासे ठेवले होते? दोन, तेही लहान. आपण मात्र त्याचा समतोल घेतो आणि त्याचा आकडा विसरतो.

वॉरिंग्टनच्या हिशेबात एक रकम राहून गेली होती. ती शोधण्याच्या कामी, योगायोग असा की, त्याच्याच मुलाचा हातभार लागला. त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टनच. त्याआधी १८७७ साली श्लोजिंग आणि म्युन्त्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका नळीत वाळू व थोडी चुनखडी भरून तिच्यातून रोज गटाराचे पाणी झिरपू दिले. पहिले सुमारे वीस दिवस त्यातला अमोनिया जसाच्या तसा खाली येत होता. नंतर तो कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट हा क्षार दिसू लागला. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तर नायट्रेट होणे थांबले. अर्थात हे काम कोणी सजीव करीत होते. क्लोरोफॉर्म काढून घेतल्यावरही ते आपोआप सुरू झाले नाही. थोडी बागेतली माती खळबळून तिचे पाणी घातले, तेव्हा ते पुन्हा चालू झाले. धाकट्या वॉरिंग्टनने इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात हेच काम पुढे नेऊन, हा बदल दोन टप्प्यांनी होतो आणि दोन्ही टप्प्यांचे कामकरी वेगवेगळे आहेत, हे दाखवून दिले. अखेर १८९० साली विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जीवाणू वेगळे करून दाखविले.

सारांश, वनस्पती आणि मासे यांच्यामध्ये जीवाणूंची एक तिसरी वसाहत असते. ती डोळ्यांना दिसत नाही, आणि पेटीचे सारे आरोग्य तिच्यावर अवलंबून असते.

पाण्याचा जमाखर्च

मासा आपल्या शरीरातील नत्रयुक्त मळ मुख्यत्वे अमोनियाच्या रूपाने टाकतो, आणि तोही बहुतांशी कल्ल्यांवाटे. उरलेले अन्न, विष्ठा व कुजकी पाने यांतूनही अमोनियाच निघतो. नदीत तो वाहून जातो. पेटीतील पाण्याला वाट नाही. तेथे पहिल्या जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. पुढे १९९८ साली असे आढळले की, गोड्या पाण्याच्या पेटीत दुसरा टप्पा प्रामुख्याने नायट्रोस्पायरा या वर्गातील जीवाणू पार पाडतात. आणि २०१५ साली त्यांच्यापैकी काही दोन्ही टप्पे एकट्यानेच करतात हेही उघडकीस आले. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषासमान आहेत. नायट्रेट त्या मानाने सौम्य असून तो पाणी बदलून काढता येतो, काही वनस्पतीही घेतात.

आता आकडे पाहा. चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम खाद्यापासून, नायट्रोजन म्हणून मोजला तर, सुमारे ३० ते ४० मिलिग्रॅम अमोनिया पाण्यात उतरतो. आपल्या ४५ लिटरच्या पेटीत तो दर लिटरला पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास पडतो. जीवाणू पुरेसे असतील तर दिवसभरात त्याचा निचरा होतो. ते पुरे पडत नसतील तर चार दिवसांत हीच रक्कम तीन मिलिग्रॅमवर जाते. जीवाणूंची वसाहत वाढते खरी, परंतु फार सावकाश. पोटात गडबड करणारे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात. या बिचाऱ्यांना दुप्पट व्हायला अर्धा दिवस, कित्येकदा पूर्ण दिवसही लागतो. म्हणून एका रविवारी सहा मासे वाढविले, तर त्यांच्या मळाचा भार त्याच दिवशी येतो आणि तो वाहणारे हात मात्र दोन-तीन आठवड्यांनी येतात.

यात प्राणवायूची ओढाताण आणखी भर घालते. २० अंश उष्णतेच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो साडेसातवर येतो. उन्हाळ्यात पाणी तापले म्हणजे प्राणवायू कमी होतो आणि त्याच वेळी माशांची गरज वाढते. जीवाणूंनाही तो लागतो, रात्री वनस्पतीही तोच घेतात. म्हणून दाटी झालेल्या पेटीत मासे पहाटेच्या सुमारास पाण्याच्या पृष्ठाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. त्यांना भूक लागली असे समजून पुष्कळ जण तेव्हा आणखी अन्न घालतात!

स्वच्छतेचा सापळा

अमोनियाविषयी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुष्कळ मासे तिच्या अज्ञानापायी मरतात. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप जवळजवळ निरुपद्रवी, दुसरे घातक. कोणते किती असेल हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, ठरते. २५ अंश उष्णतेला सामू ७ असेल तर घातक रूप शेकडा अर्ध्याच्या किंचित वर असते. सामू ८ झाला की तेच शेकडा पाचाच्या वर जाते. म्हणजे अमोनिया एक थेंबही न वाढता विष नऊ-दहा पट होते. लिटरमागे एकूण तीन मिलिग्रॅम अमोनिया असलेल्या पाण्यात सामू ७ असताना घातक भाग ०.०१७ मिलिग्रॅम असतो. सामू ८ होताच तो ०.१६ होतो. ०.०५ च्या आसपासच कल्ल्यांना इजा होऊ लागते.

आता जुन्या, गर्दी झालेल्या पेटीत काय होते ते पाहा. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि पाण्यातील क्षारांचा साठा त्यात खर्ची पडतो. तो संपत आला म्हणजे सामू उतरू लागतो. साडेसहाच्या खाली तो गेला की जीवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साचतो. पण सामू उतरलेला असल्यामुळे तो बहुतांशी निरुपद्रवी रूपात पडून राहतो. मासे मलूल दिसतात, परंतु जगतात. अशा वेळी घरातील कर्त्या माणसाला पेटीची दया येते. तो एका सकाळी सगळे पाणी उपसतो, वाळू नळाखाली खळखळून धुतो, गाळणीचा स्पंज साबण लावून स्वच्छ करतो आणि बोअरचे ताजे पाणी भरतो. पेटी आरशासारखी लखलखते, आणि संध्याकाळपर्यंत निम्मे मासे उलटे तरंगू लागतात. अर्धवट पाणी बदलले असेल तर सामू एकदम चढून साचलेल्या अमोनियाचे विष झालेले असते. सगळे बदलले असेल तर पाण्याच्या एकाएकी पालटाचा धक्का बसलेला असतो. आणि दोन्ही प्रकारांत जीवाणूंची वसाहत धुऊन गेलेली असते. नळाचे पाणी असेल तर त्यातील क्लोरीन कल्ले आणि जीवाणू दोघांनाही भाजून काढतो.

पेटी मार्गावर कशी आणावी

पहिले काम, अन्न बंद करणे. लंघनाचे महत्त्व आपल्याला नव्याने सांगायला नको. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो. तीन-चार दिवसांनी त्याचे काही बिघडत नाही. येणाऱ्या मळाचा ओघ त्याने लगेच ओसरतो. नुकती जन्मलेली पिले असतील तर त्यांना मात्र चिमूटभर द्यावे.

दुसरे काम हवेचे. पंप असेल तर तो रात्रंदिवस चालू ठेवावा. पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला पाहिजे, कारण प्राणवायू तेथूनच आत शिरतो. पंप नसेल तर थोडे पाणी तांब्याने उंचावरून पुन्हा पुन्हा ओतले तरी तात्पुरता उपयोग होतो.

तिसरे काम पाण्याची परीक्षा. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू मोजण्याचे, थेंब टाकून रंग पाहण्याचे संच दुकानांत मिळतात. माशांची किंमत पाहता ते महाग वाटतात, पण त्यांच्याशिवाय उपचार म्हणजे नाडी न पाहता दिलेले औषध होय.

चौथे काम पाणी बदलण्याचे, आणि येथे परीक्षेप्रमाणे वागावे. पेटीच्या पाण्याचा सामू नव्या पाण्याच्या जवळपास असेल तर रोज चौथा हिस्सा बदलावा. दर वेळी बारा आणे विष मागे उरते. चार दिवसांनी, नवी भर पडली नाही तर, पाच आणेच राहते. सामू फार उतरलेला असेल तर मात्र एकदम चौथा हिस्सा न बदलता दहावा हिस्सा रोज बदलून आठ-दहा दिवसांत तेथवर यावे. नवे पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवले म्हणजे साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे, म्हणजे छायाचित्रकारांच्या परिचयाच्या ‘हायपो’चे, द्रावण दुकानांत मिळते ते वापरावे. पाण्याची उष्णता पेटीइतकीच असावी. पाणी काढताना रबरी नळी वाळूजवळून फिरवून तळचा गाळ ओढून घ्यावा, पण एका वेळी तळाचा थोडाच भाग साफ करावा.

पाचवे काम गाळणी जपण्याचे. ती तुंबली असेल तर स्पंज पेटीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळावा. नळ नको, साबण तर मुळीच नको. ओळखीच्या कोणाकडे निरोगी जुनी पेटी असेल तर तिच्या गाळणीतील स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर वाळू आणून आपल्या गाळणीत ठेवावी. घरात दही लागत नसेल तर आपण शेजारून विरजण आणतोच. हे विरजण तसेच. मात्र रोगट पेटीतून ते आणू नये. वीज पुष्कळ तास गेली आणि गाळणी बंद पडली तर तिच्यातील जीवाणू गुदमरतात. अशा वेळी आतील कोंडलेले पाणी फेकून देऊन मगच ती पुन्हा सुरू करावी.

यानंतर धीर धरावा लागतो. अमोनिया उतरू लागला की नायट्राइट चढतो, आणि पुष्कळांना वाटते की पेटी पुन्हा बिघडली. वास्तविक हे सुधारणेचे लक्षण आहे. पहिले कामकरी आले, दुसरे अद्याप यायचे आहेत. परंतु नायट्राइट माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावतो आणि रक्त तपकिरी पडते. कल्ले लालचुटूक न दिसता चॉकलेटी दिसू लागले तर तीच खूण समजावी. यावर स्वयंपाकघरातील मीठ गुणकारी आहे, कारण मिठातील क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटला आत येऊ देत नाही. १०० लिटर पाण्याला १० ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन लहान चमचे मीठ पाण्यात विरघळवून घालावे. दोन ते सहा आठवड्यांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येतात. तेथवर एकही नवा मासा आणू नये.

औषधे आणि गर्दीचे मूळ

या काळात परांच्या कडा झडणे, अंगावर पांढरे ठिपके येणे असे विकार दिसतात. हे रोग खरे आहेत, पण बहुधा ते अशक्त झालेल्या माशांना गाठतात. पाणी सुधारले की झडलेले पर पुष्कळदा औषधावाचून पुन्हा फुटतात. पांढऱ्या ठिपक्यांचा परोपजीवी मात्र औषधावाचून जात नाही, आणि तो पेटीच्या पाण्यातही पोहत असतो. त्याच्यावर सबंध पेटीत उपचार करावा लागतो, आणि दुकानदाराला गाळणीच्या जीवाणूंना न मारणारे औषध मागून तो करावा. बाकी मिथिलीन ब्ल्यू किंवा जंतुनाशके द्यायचीच तर मासा वेगळ्या भांड्यात घेऊन द्यावीत. ती पेटीत ओतली तर रोगजंतूंबरोबर आपले कामकरी जीवाणूही मरतात.

आणि हे सारे करून मासे तेवढेच ठेवले तर दोन महिन्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! माशांची संख्या कमी केल्यावाचून सुटका नाही. जास्तीचे मासे दुकानदाराला परत द्यावेत, मोठी पेटी असलेल्या स्नेह्याला द्यावेत, गप्पींचे नर व माद्या वेगळ्या कराव्यात. पुण्य लागेल म्हणून ते नदीत किंवा तळ्यात मात्र सोडू नयेत. पेटीतील काच चाटणारा दक्षिण अमेरिकेचा ‘सकर’ मासा अशाच सुटकेमुळे पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत आणि आंध्रच्या तलावांत पसरला आणि तेथील मच्छीमारांना डोकेदुखी होऊन बसला आहे. पुढे अन्न दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे, आठवड्यातून एक दिवस उपास पाळावा, दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलावे, आणि मासा विकत घेताना त्याचे आजचे माप न पाहता पूर्ण वाढीचे माप विचारावे.

श्रोतेहो, श्लोजिंग आणि म्युन्त्झ यांनी आपला प्रयोग गटाराच्या पाण्यावर केला होता, हे आपल्या लक्षात असेलच. आपल्या नगराचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातही याच जातकुळीचे जीवाणू राबतात, आणि तेथेही भार एकाएकी वाढविला तर काम कोलमडते. परंतु नदीतला मासा पाणी बिघडले तर निदान पोहत दूर जाऊ शकतो. पेटीतल्या माशाला आपण चारही बाजूंनी काच लावलेली असते. त्याच्या पाण्याचा हिशेब ठेवणे हे त्या काचेबरोबरच आपल्याकडे आलेले काम आहे, आणि ते रोज पाच मिनिटांत होण्याजोगे आहे. उद्या सकाळी दाणे घालण्यापूर्वी मासे मोजावेत, त्यांचे कल्ले पाहावेत आणि गाळणीवर हात ठेवून ती चालू आहे ना याची खात्री करावी.